चावीवाल्याचं गाव

एटापल्ली, १९ जून १९५६

पोचलो एकदाचे. बल्लारपूरहून आलापल्लीपर्यंत मोटार, मध्ये आष्टीला नावेतून वैनगंगा, आणि आलापल्लीपासून पुढे बैलगाडी. मनकर्णेने वाटेत एकदाही तक्रार केली नाही, त्यावरून ती किती चिडली आहे ते कळलं.

स्वतः अर्ज करून एटापल्लीला बदली मागून घेणारा मास्तर आजवर झाला नव्हता म्हणे. चांद्याच्या शाळेत निरोपाच्या चहाला सगळे हसत होते. "गुणवंतराव, तिथे शिक्षा म्हणून पाठवतात हो!" मी सांगितलं, मला एक बेडूक शोधायचा आहे. मग तर हसणं थांबेचना.

हसोत बापडे. काम साधं आहे. झाडाच्या ढोलीत राहणारा एक लहानसा बेडूक आहे. पुस्तकात त्याचा मुलूख फक्त सह्याद्रीचा दिला आहे, कोकणच्या बाजूचे ओले डोंगर. तो इकडे एटापल्लीच्या जंगलातही आहे, असं एका माणसाचं म्हणणं होतं. असेल तर त्याचा मुलूख चारशे मैल पूर्वेला वाढेल आणि मुंबईच्या संग्रहालयाला ते मान्य करावं लागेल. नसेल तर नसल्याचं मी कळवीन. मला दोन्ही सारखंच.

तो माणूस म्हणजे बल्लारपूरचा बाबूभाई घड्याळजी. त्याचा या बदलीशी काही संबंध नाही. मनकर्णेलाही तसं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मी काई म्हटलं का?"

२४ जून, रविवार

आज सवड आहे, तर सगळं नीट लिहून ठेवतो. पुढे कोणी वाचलं तर गैरसमज नको. वाचणार कोण, ते अलाहिदा.

बल्लारपूरच्या शाळेत होतो तेव्हा स्टेशनसमोरच्या बाबूभाईच्या दुकानात मी घड्याळ दुरुस्तीला टाकलं आणि अकरा वर्षं तिथेच बसलो, असं मनकर्णा म्हणते. मला बेडकांचा नाद, त्याला आवाजांचा. बंद पडू लागलेलं घड्याळ उघडायच्या आधी तो कानाला लावायचा आणि रोग सांगायचा. संध्याकाळी आम्ही वर्धा नदीच्या काठाने फिरायचो. मी पुस्तकातली नावं सांगायचो. कुठल्या दगडाखाली कुठला बसला आहे, ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. मला तसा कान नाही, हे कबूल.

१९४९ च्या ऑगस्टात जंगलखात्याच्या बंगल्यातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला तो इथे आला होता. परतला तो दुकान उघडायच्या आधी माझ्या दारात. "मास्तर, झाडामंदी कोनतरी घड्याळाले चावी देऊन राह्यलं! कर्र, कर्र, कर्र, अन् मंग दोन टिकटिक. ढोलीत हात घातला तं हा साहेब." बाटलीत अंगठ्याएवढा बेडूक. आम्ही त्याचं नाव चावीवाला ठेवलं. लॅटिन नाव मला लिहिता येतं, चारचौघांत उच्चारायची हिंमत होत नाही.

बेडूक स्पिरिटमध्ये घातला. लेबल मी स्वतः लिहिलं, गाव, तारीख, नाव, माझ्या पेनने, वेलांट्या, मात्रा जिथल्या तिथे. ते बाटलीत सोडून पार्सल करायचं काम बाबूभाईचं. महिन्याने मुंबईहून पत्र आलं. बाटलीत कोरा कागद निघाला म्हणे. ज्या बेडकाला गाव नाही तो आमच्या काय कामाचा? शिवाय हा सह्याद्रीतलाच दिसतो.

आता याचा अर्थ काय? संग्रहालयाने आम्हाला ओळखीसाठी सह्याद्रीच्या बेडकांच्या दोन बाटल्या पाठवल्या होत्या. त्याही बाबूभाईच्याच दुकानात होत्या. याने बाटल्यांची अदलाबदल केली, माझं लेबल हरवलं आणि एक कोरा कागद कोंबून मोकळा झाला. दुसरं काय असणार? मी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर तसं म्हणालो. संग्रहालयालाही लिहिलं: माणूस प्रामाणिक पण अशिक्षित. बाबूभाई भिंग डोळ्याला लावून काम करत राहिला. पुढे संग्रहालयाने बाटली दुकानाच्या पत्त्यावर परत केली असं ऐकलं. मी ती पाहायला गेलो नाही. पुन्हा त्या दुकानातच गेलो नाही.

सात वर्षं झाली. एवढंच.

२ जुलै

शाळेत सतरा मुलं. थोरली सुद्धा पेन्सिलीने लिहितात. आज सगळ्यांना उभं करून सांगितलं, पेन्सिल ही कच्च्या माणसाची वस्तू. शाईने लिहावं, म्हणजे लिहिलेलं राहतं.

पाऊस बरा आहे. संध्याकाळी जंगलात जाऊन बसतो. सोबत जंगू असतो. पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, माडिया गृहस्थ, माझ्याच वयाचा. मराठी मोडकी बोलतो, पण माझ्यापेक्षा कमी बोलतो हा त्याचा गुण. मी आवाज करून दाखवला, कर्र कर्र कर्र. जंगू माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, तुमाले पन्नेसारखं बोलता नाई येत." पन्ने म्हणजे बेडूक. आता बेडकासारखं बोलता येत नाही म्हणूनही ऐकून घ्यायचं!

बाबूभाई हुबेहूब काढायचा. मनकर्णेची हसता हसता पुरेवाट व्हायची.

१४ जुलै

मनकर्णेला पत्र आलं. बल्लारपूरचा शिक्का. मला माहीतच नव्हतं की ही सात वर्षं बाबूभाईच्या बायकोला, शमीमभाभींना पत्रं लिहिते आहे. विचारलं तर म्हणाली, "तुमचं भांडन झालं. आमचं काऊन होईन?"

पत्र तिने मला वाचायला दिलं नाही. भाकरी थापता थापता सांगितलं. बाबूभाईचा उजवा कान पूर्ण गेला. डावाही चालला आहे. चांद्याच्या डॉक्टरने सांगितलं, दिवाळीपर्यंत तोही राहायचा नाही. गिऱ्हाईक घड्याळ ठेवतं, बाबूभाई ते कानाला लावतो आणि तसंच खाली ठेवतो.

मी म्हणालो, वयोमानाने व्हायचंच.

मनकर्णेने तव्यावरची भाकरी उलटली नाही. करपली. ती पण मलाच वाढली.

१५ जुलै

काल लिहिलं ते वाचून स्वतःचीच लाज वाटली. बाबूभाई अवघा बेचाळीस वर्षांचा. वयोमान कसलं?

२९ जुलै

रोज संध्याकाळी जातो. सागाखाली बसलो, बांबूत बसलो, मोहाच्या झाडाला कान लावून बसलो. डबक्यातले सगळे ओरडतात, चावीवाला नाही. आता तर बारा दिवस पाऊसच नाही. डबकी आटली, सगळे गप्प. भाताच्या बांध्यांना भेगा पडल्या आहेत. धानाची रोपं पिवळी पडून रोवणीची वाट पाहत उभी आहेत. लोकांना जेवण गोड लागत नाही, आणि मी बेडकासाठी पाऊस मागतो आहे.

आज एक गंमत झाली. झाडाखाली बसल्या बसल्या खूप दुरून काहीतरी वाजल्यासारखं वाटलं आणि मी बाजूला वळून म्हणालो, "कुठल्या अंगाला?" बाजूला जंगू होता.

मला बाबूभाईची फार आठवण येते. लिहिलं एकदाचं. बदली मागितली तेव्हाही येत होती.

पण त्याने बाटल्या बदलल्या, हेही खरंच आहे.

७ ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवतो.

पाऊस यावा म्हणून आज जंगूच्या टोल्यावरच्या बायापोरांनी धोंडी काढली. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधायचा, पाल्यात बेडूक, आणि दोघींनी ते मुसळ खांद्यावर घेऊन घरोघर जायचं. घरातल्या बाईने वरून पाणी ओतायचं. मनकर्णा सिंदेवाहीची, तिच्या माहेरीही धोंडी निघते. ती सकाळपासून घागर भरून दारात उभी. मी आत वह्या तपासत होतो.

तिने पाणी ओतलं. आणि पाल्यातून आवाज आला. कर्र, कर्र, कर्र. टिक टिक.

घागर तशीच हातात धरून मनकर्णा ओरडली, "आवो, बाहेर या! बाबूभाईचा आवाज येऊन राह्यला!"

मी पाला बाजूला केला. तोच. अंगठ्याएवढा, पाठीवर तांबूस पट्टा. मी हात पुढे केला तर बायका एकदम मागे सरल्या. जंगू मध्ये आला. "गुरुजी, हा द्याचा नाई. याले वापस न्या लागते. ज्या झाडातून आनला त्याच झाडात. दुसरीकडं ठेवला तं पानी येत नाई."

मी हुज्जत घातली. मुंबई सांगितली, पुस्तक सांगितलं, शेवटी सरकारही सांगितलं. जंगूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "धान वाळून राह्यलं, गुरुजी."

मनकर्णा मला म्हणाली, "घरात या." मी आलो.

८ ऑगस्ट

संताप गेल्यावर डोकं चालायला लागलं. बेडूक परत न्यायचा, म्हणजे कुठून आणला ते जंगूला नक्की ठाऊक! त्याच्यामागून निघालो. अडीच मैल, एक कोरडा नाला ओलांडून. वाटेत तो एकदाही थांबला नाही, विचारात पडला नाही. एका जुन्या बेहड्यापाशी गेला. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ढोली, आत वीतभर काळं पाणी. जंगूने बेडूक आत सोडला आणि हात जोडले.

मी विचारलं, तळ्यातला का नाही धरला? म्हणाला, "तळं आटलं. यानं पानी राखलं. ज्यानं राखलं त्यालेच मांगाचं ना?"

तिथे असे आणखी आहेत. एक जवळच्याच झाडात बोलत होता. जंगू म्हणाला, पाणी आलं की त्यातला एक घ्या.

लिहिता वाचता न येणाऱ्या या माणसाला बेडकाचं गाव तर सोडाच, घरही बरोबर लक्षात राहतं. बाबूभाईलाही राहायचं. कुठल्या घड्याळात कुठला स्क्रू होता हे तो वर्षाने सांगायचा. अशा माणसाने दोन बाटल्यांत घोटाळा कसा केला?

१६ ऑगस्ट

तीन दिवस पाऊस. बांध्यांत कमरेत वाकून सगळं गाव रोवणी करतं आहे. आज जंगूने वेळ काढून मला दुसऱ्या झाडातला एक चावीवाला धरून दिला. नमुना स्पिरिटमध्ये घातला. लेबल लिहिलं: एटापल्ली, १६ ऑगस्ट १९५६. नवी निब, अक्षर मोत्यासारखं आलं. लेबल बाटलीत सोडलं. चार दिवसांनी डाक जाईल.

आता संग्रहालय बघेल, नीट काम कसं करतात ते.

१८ ऑगस्ट

बाटलीतलं स्पिरिट निळं झालं आहे. कागद कोरा.

१९ ऑगस्ट

काल एवढंच लिहून वही मिटली.

मी बाटली खिडकीत धरून उभा होतो. मनकर्णा आली, तिने पाहिलं. तिला एका क्षणात कळलं ते मला सात वर्षांत कळलं नाही. शाई माझी होती. बाबूभाईने माझंच लेबल बाटलीत सोडलं होतं, आणि माझं सुंदर अक्षर स्पिरिटात विरघळून गेलं. त्याने काही बदललं नाही, काही हरवलं नाही. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला खोटं पाडलं. ज्या कानाच्या जोरावर तो जगत होता त्या कानावर मी विश्वास ठेवला नाही, आणि आता तो कान जातो आहे.

मनकर्णा रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पेन्सिल कुठी हाय?"

शाळेतल्या एका पोरीकडून मागून घेतली. नवं लेबल पेन्सिलीने लिहिलं. संग्रहालयाला सविस्तर पत्र लिहिलं: १९४९ चा दोष संपूर्ण माझा, शोध बाबूभाईंचा, माझं त्यांच्याविषयीचं पत्र रद्द समजावं. ते लिहायला काही वाटलं नाही. मुंबई लांब आहे.

बाबूभाईला लिहायला बसलो तर पाच कागद फाडले. शेवटी एक ओळ गेली: चावीवाला सापडला. ऐकायला या.

३ सप्टेंबर

उत्तर नाही. उद्या पोळा. मनकर्णा शमीमभाभींच्या पत्राची वाट पाहते आहे, मी वाट पाहत नाही असं दाखवतो आहे. शाळेतून येताना डाकवाल्याच्या वाटेने येतो, ती वाट लांब पडते.

त्याला ऐकू येईनासं झालं असेल तर "ऐकायला या" हे केवढं क्रूर वाक्य आहे, हे काल सुचलं. पाच कागद फाडून उरलेलं वाक्य हे!

१२ सप्टेंबर

बाबूभाई आला.

दुपारी शाळेसमोर बैलगाडी थांबली. आतून आधी हत्यारांची चामडी पिशवी, मग एक पाटी, मग तो. दाढी पांढरी झाली आहे. मी काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते आठवत नाही. त्याने हसून पाटी पुढे केली आणि फार मोठ्याने म्हणाला, "यावर लिवा, मास्तर. डावाबी गेला. पोळ्याच्या आठ दिवस आंदी."

म्हणजे माझी ओळ पोचली तेव्हाच त्याला ऐकू येत नव्हतं. तरी आला. नदी भरलेली, आष्टीला दोन दिवस नावेसाठी थांबला, आणि आला.

मनकर्णेने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि आत जाऊन डोळे पुसले.

दिवस मावळायच्या आत तिघे निघालो, मी, तो आणि जंगू. पाऊस नुकताच पडून गेला होता. बेहड्यापाशी पोचलो आणि चावीवाला बोलायला लागला. कर्र, कर्र, कर्र. टिक टिक. मी बोट दाखवलं. बाबूभाईने खोडाला हात लावला, मग कपाळ लावलं. मान हलवली. नाही.

मला तिथे उभं राहवेना. पण तो खिशातून एक जुनं घड्याळ काढत होता, चावीचं. ते त्याने माझ्या कानाला लावलं. आजवर घड्याळ त्याच्या कानाला असायचं. चावी फिरवून विचारलं, "असा?"

मी ऐकलं. मान हलवली. जलद होतं.

"असा?"

किंचित जलद.

"मंग असा?"

तोच. अगदी तोच. मी मान डोलावली, दोनदा, तीनदा. आणि तेवढ्यात ढोलीतून चावीवाल्याने घड्याळाला उत्तर दिलं. जंगू खो खो हसत सुटला. "पन्ने याच्याशी बोलून राह्यला!" मी बाबूभाईचं मनगट धरलं आणि ढोलीतला आवाज येईल तसं बोटाने त्यावर वाजवलं. तीनदा दाबून, दोनदा हलकेच. तो डोळे मिटून उभा होता. म्हणाला, "हाच. एकोनपन्नासातलाच."

मग मी खिशातली पेन्सिल काढली आणि लेबलाच्या कागदावर लिहिलं: शाई माझी होती. कागद कोरा झाला तो माझ्यामुळे. मला क्षमा करा.

तो मराठी अक्षर अक्षर लावून वाचतो. ओठ हलवत पुरं वाचलं. मग चामड्याच्या पिशवीत हात घालून फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. ती संग्रहालयाने परत केलेली बाटली होती. आत बेडूक, कोरा कागद, आणि फिकट निळं स्पिरिट.

"वापस आली त्याच दिवशी दिसलं मले," तो म्हणाला. मोठ्याने, सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असं. "म्हटलं, मास्तर येतीन तं दावीन. चार लोकांमंदी नाई दावाची, दुकान बंद करून दावीन. सात साल समोरच्या फळीवर ठेवली. स्पिरिट कमी झालं का भरत होतो. तुमी आलेच नाई."

मी बाटली फडक्यात गुंडाळून उराशी धरली.

घरी आलो. मनकर्णेने कंदील लावला. लेबल लिहायला घेतलं तर पेन्सिल बोथट झालेली. बाबूभाईने हत्यारांतल्या चाकूने टोक काढून दिलं. जुन्या बाटलीसाठी मी लिहिलं: एटापल्ली, ऑगस्ट १९४९. शोधलं बाबूभाई घड्याळजी यांनी. त्याने ते वाचलं, निळं स्पिरिट ओतून नवं घातलं आणि लेबल स्वतःच्या हाताने आत सोडलं.

अक्षर काही फारसं चांगलं आलेलं नाही.